झिरीची बाजू

संक्रांत उलटली की बाबाराव विहिरीचा गाळ काढीत असे. मोटर लावून पाणी उपसले की तळाशी गुडघाभर चिखल उरे. अलीकडे या चिखलाचा रंग बदलला होता. पूर्वी तो पिवळट असे. आता त्याचा वरचा थर काळा, चमकणारा आणि बोटांत चोळला तर खरखरीत लागणारा होता. सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यांच्या धुराड्यांतून जे बाहेर पडे ते छपरांवर, वांग्याच्या पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि विहिरीवर सारखेच पडे. पिंकीने त्यात चुंबक फिरवून पाहिला होता. चुंबकाला मिशा फुटल्यासारखे दिसले होते.

"बाबा, खींचू का?" वरून पिंकीने विचारले.

"थांब. अजून अर्धं हाय."

बाबारावने घमेले भरून दोर हलवला. वर त्याच्या बायकोने, कमलाने, पाय रोवले आणि रहाटावरून दोर ओढायला सुरुवात केली. घमेले भिंतीला आपटत, गाळ सांडत वर गेले. सांडलेला काही भाग बाबारावच्या पाठीवर पडला. पाण्यात उभे राहून त्याच्या पायांतली संवेदना गेली होती. टाचेच्या भेगेत खडा शिरला होता, तो त्याला वर आल्यावर कळणार होता.

"मजूर लावले असते त आजच्यात आटपलं असतं," कमला वरून म्हणाली.

"वरचा थर त मजुरानंच काढला ना काल. शेवटचा आपणच काढा लागते."

ही त्याच्या वडिलांची रीत होती. वडील भंडाऱ्याहून रेल्वेच्या गँगमध्ये आले, रायपूरच्या अलीकडे कुम्हीपारा नावाच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, थोडी जमीन घेतली आणि तिथेच राहिले. गाळ काढायला ते मजूर लावीत, पण तळाचा थर आला की सगळ्यांना वर पाठवून स्वतः उतरत. विहिरीत पाणी किती आहे हे काठावरून कोणालाही दिसते. झिर कोणत्या बाजूने येते हे फक्त तळाशी उभ्या असलेल्याला कळते, आणि ते घरातल्याच माणसाला कळावे, एवढाच त्यामागचा हिशेब.

झिर ईशान्येला होती. कंबरेच्या उंचीवर दोन थरांच्या फटीतून करंगळीएवढी धार येई. कुम्हीपाऱ्याखाली चुनखडक आहे. या खडकात पाणी सगळीकडे सारखे नसते. ते फटींतून वाहते. विहीर फटीला लागली तर पाणी, चार हात चुकली तर कोरडा दगड. यात पुण्याईचा काही संबंध नसतो. बाबारावच्या विहिरीला फट लागली होती, आणि म्हणून त्याची बाडी, घरामागचा भाजीमळा, उन्हाळ्यातही हिरवी राही. वांगी, भेंडी, बरबटी, लाल भाजी. कमला पहाटे ती भाजी धुऊन काळी भुकटी काढी आणि शेअर ऑटोने रायपूरला नेऊन गल्ल्यांत विकी. घर त्यावर चाले.

गावातली सरकारी शाळा पाऱ्याच्या टोकाला होती. तिथे विज्ञान शिकवणारे नीलकंठ गुरुजी कधी गैरहजर राहत नसत. त्यांचे घराणे भोसल्यांच्या काळापासून रायपुरात होते. त्यांचे मराठी पुस्तकातल्यासारखे असे आणि हिंदीही तितकेच स्वच्छ. दिवाळीनंतर त्यांनी मुलांना एक काम दिले होते. प्रत्येकाने सुतळीला दगड बांधायचा, हाताहातावर गाठ मारायची आणि दर शनिवारी आपल्या घरच्या किंवा शेजारच्या विहिरीत सोडून पाणी किती खोल गेले ते पाहायचे. आकडे गुरुजी फळ्यावर लिहीत, मुले उतरवून घेत. शनिवारच्या मापासाठी मुले सुतळ्या आदल्या दिवशी घरी नेत; एरवी त्या वर्गातल्या खिळ्यांना टांगलेल्या असत.

"नाप झूठ नहीं बोलता," गुरुजी वर्गात म्हणत. "नापने वाला बोल सकता है. इसलिए जो दिखे, वही बोलना."

पिंकी सातवीत होती. हे वाक्य तिने इतक्या गंभीरपणे घेतले होते की घरी कमलाने "मीठ बरोबर हाय का" असे विचारले तरी ती दोन घास खाऊन मगच सांगे.

सगळ्या विहिरींचे पाणी उतरत होते. पिंकीच्या सुतळीवरची ओली खूण मात्र जवळजवळ हलत नव्हती.

माघात एका रविवारी गुरुजी स्कूटरवरून बाबारावच्या घरी आले. कमलाने पाहुण्यांसाठी ठेवलेले स्टीलचे ताट काढले. तांदळाची भाकर, झुणका, लाल भाजी. गुरुजी ओसरीवर मांडी घालून जेवले आणि दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. कमलाला बरे वाटले.

"बाबाराव, एक कोडं आहे," ते म्हणाले. "साऱ्या गावाचं पाणी खाली चाललं आहे. तुमचं का जात नाही?"

"देवाची किरपा," कमला चटकन म्हणाली.

"वहिनी, देव एकाच विहिरीवर कृपा करतो होय? शेजारच्यांनी काय पाप केलं?"

पिंकी दाराशी उभी होती. तिला उत्तर येत होते, आणि उत्तर येत असताना गप्प बसण्याची तिला सवय नव्हती. "गुरुजी, वो झिर है ना, वो उधर से..."

"पिंके, पाणी आण गुरुजीले."

"सांगू दे ना तिले," बाबाराव म्हणाला. "गुरुजीपासून काय लपवाचं? पोट्टीले तेच त शहाणी करून राहिले."

जेवण झाल्यावर तो गुरुजींना विहिरीवर घेऊन गेला. पिंकीने काठावर पालथे पडून हात लांब केला आणि फट कुठे आहे ते दाखवले. गुरुजींनी तिच्या हाताच्या रेषेत नजर पुढे नेली. रेषा बांध ओलांडून पलीकडच्या पडीकात जात होती. ते पडीक बाबारावच्या चुलतभावाचे, देवीदासचे होते. तिथे बोरी आणि दगड यांखेरीज काही नव्हते.

"म्हणजे प्रवाह त्या पडीकाखालून येतो."

"हव. माहे बाप म्हणत, पाणी तिकडचं, विहीर इकडची."

गुरुजींनी पिंकीच्या डोक्यावर हात ठेवला. "याला शोध म्हणतात, बेटा. साधी गोष्ट नाही ही."

पिंकी दिवसभर घरात अशी वावरली की जणू तिच्या डोक्यावर भरलेली घागर आहे.

कमला ताट घासत होती. राखेचा हात न थांबवता ती बाबारावला म्हणाली, "शेवटचा थर तुम्ही सोता काढता. अन् आज पाव्हण्याले काढून दिला."

"तू बी ना. मास्तर हायेत ते, दलाल थोडीच हायेत."

होळीच्या आधी देवीदासच्या पडीकात बोअरची गाडी आली. बाबाराव भेंडीला पाणी देत होता. त्याने आधी कंप्रेसरचा आवाज ऐकला, मग बांधापलीकडून दगडाच्या पिठाचा पांढरा गारा वाहत येऊन वांग्याच्या सऱ्यांत शिरताना पाहिला. त्याने फावड्याने माती ओढून तो अडवला. गारा बाजूने फिरून आला. संध्याकाळपर्यंत तो अडवीत राहिला. दुसऱ्या दिवशी बोअरमधून पाण्याचा फवारा बोरीपेक्षा उंच उडाला आणि मजुरांनी शिट्ट्या मारल्या. त्याच आठवड्यात सिलतऱ्याच्या एका कारखान्याच्या दिशेने काळा पाइप टाकला गेला. रायपूर राजधानी झाल्यापासून आसपास रोज कुठे ना कुठे काही खणले जात होते. त्यामुळे गावात कोणी फारशी चौकशी केली नाही.

बाबाराव सायकलने उरल्याच्या कारखाना वसाहतीत गेला. देवीदास तिथे रोलिंग मिलमध्ये होता. पाळी सुटल्यावर तो गेटबाहेरच्या टपरीवर आला. त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत ठिणग्यांचे जुने-नवे डाग होते.

"दादा? तू इकडं काहून?"

"पडीक विकलं?"

"हव. तिथं काय पिकत होतं? साप." देवीदासने दोन चहा सांगितले. "गोदाम बांधाचं म्हणे त्याहिले."

"मले सांगाचं तरी."

"सांगणारच होतो ना. पण गुरुजी म्हणाले, रजिस्ट्री होऊ द्या, मग सांगा. आधी बोभाटा झाला का भाव फिरते म्हणे."

"कोणते गुरुजी?"

देवीदासने चहाचा ग्लास खाली ठेवला. "नीलकंठ गुरुजी. अजून कोणते? ते अन् त्यायचा पोरगा विहंग, दोघं आले होते घरी. पोरगा त्या कारखान्यात पाण्याचं काम पाहते." बाबारावचा चेहरा पाहून त्याचा आवाज उतरला. "मले वाटलं तुले मालूम असन. तो पोरगा एकटा आला असता त मी उभा नसता केला, दादा. पण गुरुजी आले म्हणजे तुह्याच घरून आले, असं वाटलं मले."

बाबारावने चहा प्यायला नाही. देवीदासने तो त्याच्यासमोरून उचलून स्वतः प्यायला, कारण टाकून देण्याची त्याला सवय नव्हती.

त्यानंतर पिंकीच्या सुतळीवरची खूण दर शनिवारी आणखी खाली सरकू लागली. मोटर आधी तासभर चाले, मग अर्धा तास, मग नुसती हवा ओढू लागली. फटीतली धार दोऱ्याएवढी झाली, थेंबांवर आली आणि थांबली. खडकावर तिच्या जागी एक पांढरट रेघ राहिली. पाणी गेल्यावर चुना मागे राहतो.

बाडी वाळण्याचा एक क्रम असतो. आधी लाल भाजी गेली, मग भेंडीची पाने कडेने वळली. वांगी सर्वांत शेवटी गेली. ती सुकल्यावरही झाडाला धरून राहिली. कमला तरी टोपले घेऊन रायपूरला गेली. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने एक वांगे दाबून पाहिले आणि परत टोपल्यात टाकले.

"क्या बाई, ये सब्जी तो आपके जैसी सूख गई," ती बाई हसून म्हणाली. वाईट हेतूने म्हणाली नव्हती.

कमलाही हसली. घरी आल्यावर तिने टोपले पालथे घातले आणि त्यावर बसून राहिली.

पाऱ्यातल्या इतर विहिरीही आटल्या. मग कारखान्याने गावाला टँकर सुरू केला. टँकरवर 'जल सेवा' असे निळ्या अक्षरांत लिहिले होते. कमला रांगेत हंडा घेऊन उभी राही. ड्रायव्हर पोट्टा नवा होता, तो कौतुकाने सांगे, "दीदी, एकदम मीठा पानी है. यहीं का बोर है, बाजू का." कमलाने पहिल्या दिवशी ते ओंजळीत घेऊन प्यायले. चव ओळखीची होती.

बाबाराव शाळेत गेला. मधली सुट्टी होती. तो व्हरांड्याच्या पायरीखाली उभा राहिला. गुरुजी वर होते. त्यांनी खुर्ची मागवली. तो बसला नाही.

"तुम्हांला वाईट वाटणं स्वाभाविक आहे," गुरुजी म्हणाले. "पण मी खोटं काय सांगितलं, बाबाराव? जेवताना विहंगला म्हणालो, माझ्या एका विद्यार्थिनीने असा शोध लावला. अभिमानाने म्हणालो. त्याने पुढे काय केलं, तो त्याचा व्यवसाय."

"अन् देवीदासकडं गेले ते?"

गुरुजींनी चष्मा काढून रुमालाने पुसला. "त्या कंपनीकडे यंत्रं आहेत. त्यांनी सर्वेक्षण केलंच असतं. फार तर वर्षभर उशिरा."

"मग होऊ द्याचं होतं वर्षभर उशिरा."

व्हरांड्यात मुले खेळायची थांबून ऐकत होती. गुरुजींनी हात हलवून त्यांना पांगवले.

"देवीदासकडं काहून गेले, गुरुजी?"

"विहंगला तिथे कोणी ओळखत नव्हतं," गुरुजी अखेर म्हणाले.

बाबारावने मान हलवली. एखाद्या अवघड गणिताची शेवटची पायरी समजावी तशी.

गावाने शिक्षण खात्याकडे नीलकंठ गुरुजींची तक्रार केली. काही दिवसांनी जीपमधून एक शिक्षण अधिकारी आला आणि मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसला. बाबाराव, कमला आणि पिंकी समोर उभे होते. दाराशी पाऱ्यातली माणसे. नीलकंठ गुरुजी खिडकीशी उभे होते, हात मागे बांधून.

"मारते हैं बच्चों को?" अधिकाऱ्याने विचारले.

"नहीं."

"पीकर आते हैं?"

दाराशी कोणीतरी हसले. "ये नहीं साहब, वो दूसरे वाले," मागून एकजण म्हणाला, आणि दुसरे वाले गुरुजी व्हरांड्यातून दिसेनासे झाले.

"गायब रहते हैं? पैसा माँगते हैं?"

"नहीं."

अधिकाऱ्याने पिंकीकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "बेटा, तुम्हारे साथ कभी कुछ..."

कमलाने पिंकीला आपल्याकडे ओढले. "नाही. तसं काही नाही."

"तो फिर शिकायत क्या है, भैया?"

बाबारावने घरून शब्द जुळवून आणले होते. "साहब, बच्ची ने गुरुजी को भरोसे से जो बताया..."

"बच्ची ने गलत बताया?"

"नहीं. सही बताया."

"गुरुजी ने गलत पढ़ाया?"

"सही पढ़ाया, साहब."

अधिकाऱ्याने पेनाला टोपण लावले. आचरणाचे नियम त्याला पाठ होते. दारू, मारहाण, गैरहजेरी, लाच, मुलींशी गैरवर्तन. समोरच्या माणसाचे म्हणणे यांपैकी कशातच बसत नव्हते, आणि जे नियमात बसत नाही ते घडले आहे असे मानण्याचे त्याला काही कारण नव्हते.

"ऐसे टीचर के लिए दूसरे गाँव तरसते हैं," तो उठत म्हणाला.

जाताना तो कारखान्याने शाळेला दिलेल्या वॉटर कूलरपाशी थांबला आणि पाणी प्यायला. चांगले थंड होते.

बाहेर आल्यावर पिंकीने विचारले, "बाबा, म्या सांगितलं नसतं त पाणी राह्यलं असतं का?"

"तू नाही, मी सांगितलं," बाबाराव म्हणाला.

"हात त म्या दाखवला."

कमला पुढे चालत होती. ती थांबली, मागे आली आणि तिने पिंकीचा तो हात धरला. घरापर्यंत सोडला नाही.

चैत्राच्या उन्हात बाबाराव कोरड्या विहिरीत उतरू लागला. ईशान्येला आता अर्थ नव्हता. त्याने नैर्ऋत्येच्या भिंतीत आडवे भोक पाडायला घेतले. यंत्र नव्हते, सब्बल म्हणजे पहार आणि घण होता. खडकाचे तुकडे नखाएवढे निघत. तळाशी वारा नसे. धूळ घशात बसे आणि थुंकी पांढरी येई. हातांवरचे फोड फुटून पुन्हा आले तेव्हा कमलाने जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बांधून दिल्या. ती वरून घमेले ओढी. शाळा सुटली की पिंकी ते रिकामे करी. मजूर लावण्याचा विषय या वेळी कोणी काढला नाही.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागण्याच्या आठवड्यात सब्बलचा आवाज बदलला. बाबारावने ती बाहेर काढली. टोक गडद झाले होते. त्याने ते गालाला लावून पाहिले.

सकाळी तळाशी घोटाभर पाणी होते.

तिघेही काठावर बसून त्याकडे पाहत होते. ते फार नव्हते. वांग्याच्या चार सऱ्या आणि घरचे पिणे निघेल, एवढे. बाबारावने खाली उतरून भोकापुढे एक चपटी फरशी अशी लावली की काठावरून पाहणाऱ्याला ती भिंतच वाटावी. फरशीमागून पाणी आवाज न करता झिरपत राहिले.

"आज शनिवार हाय," कमला म्हणाली.

"हव," पिंकी म्हणाली.

पिंकीने सुतळी सोडली. गेले काही शनिवार दगड कोरड्या खडकावर टक्क वाजत असे. आज वाजला नाही. तिने सुतळी वर ओढली, गाठी मोजल्या, गुंडाळली आणि ती शाळेत गेली.

वर्गात गुरुजींनी फळ्यावर नेहमीप्रमाणे नावे लिहिली. एकेका मुलाने उठून आकडा सांगितला. बहुतेक विहिरींपुढे गुरुजी एकच शब्द लिहीत गेले. मुले त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत, पण आपण होऊन आता कोणी काही सांगत नसे. हा बदल त्यांना जाणवला होता की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते.

"पिंकी."

ती उठली. त्यांच्यासमोर जाऊन तिने शिस्तीप्रमाणे सुतळी त्यांच्या हातात दिली. मग त्यांच्या डोळ्यांत पाहिले. इतकी वर्षे या माणसाला तिने जे दिसले तेच सांगितले होते.

"सूखा है, गुरुजी."

गुरुजींच्या बोटांत सुतळीचे टोक होते. ते ओले होते. दगडाला लागलेला चिखल ताजा, पिवळा होता, आणि काळी भुकटी न बसलेला पिवळा चिखल फक्त नव्याने फोडलेल्या जागेतून येतो हे त्यांनीच तिला शिकवले होते. त्यांनी अंगठ्याने टोक चोळले, एकदा तिच्याकडे पाहिले आणि अंगठा पँटला पुसला.

मग फळ्याकडे वळून त्यांनी तिच्या नावापुढे 'सूखा' असे लिहिले. अक्षर नेहमीसारखेच वळणदार होते. सगळ्या वर्गाने ते वहीत उतरवून घेतले.

ते सुतळी खिळ्याला टांगायला निघाले, तेव्हा पिंकी अजून तिथेच उभी होती. तिने हात पुढे केला.

"ये यहाँ रहती है, बेटा," गुरुजी म्हणाले.

तिने हात मागे घेतला नाही. शेवटी गुरुजींनी सुतळी तिच्या हातावर ठेवली. तिने ओले टोक आत जाईल अशी ती घट्ट गुंडाळली, मुठीत बंद केली आणि जाग्यावर जाऊन बसली.